परदेशातील सार्वजनिक गणपती: पहिल्या बैठकीपासून उत्तरपूजेपर्यंत

परदेशातील एखाद्या शहरात पहिल्यांदाच सार्वजनिक गणपती बसवायचा विचार निघतो, तेव्हा बोलणे बहुधा मूर्तीची उंची, मखर आणि भारतातून कोणता कलाकार बोलवायचा येथूनच सुरू होते. काही वर्षे या कामात राहिल्यावर माझे मत असे झाले आहे की पहिल्या बैठकीत हे तिन्ही विषय बाजूला ठेवावेत आणि तीन माणसे डोळ्यांसमोर आणावीत. पहिला, दोन महिन्यांपूर्वी शिकायला आलेला आणि शहरात कोणालाही न ओळखणारा विद्यार्थी. दुसरे, मुलांकडे सहा महिन्यांसाठी आलेले आणि दिवसभर घरातच असणारे आई-वडील. तिसरे, येथेच जन्मलेले, मराठी समजणारे पण बोलायला लाजणारे आठ-दहा वर्षांचे मूल. या तिघांना उत्सवात नुसती खुर्ची मिळणार आहे की हाताला काही काम मिळणार आहे, एवढा एकच प्रश्न विचारत गेले तरी पुढचे बहुतेक निर्णय सोपे होतात. पुढील माहिती एका सभागृहात होणाऱ्या, साधारण दोनशे माणसांच्या उत्सवासाठी लिहिली आहे.

दहा महिने आधी: शहरात आधीचे कोणी आहे का, ते पाहावे

नवे मंडळ काढण्याआधी जुन्याचा शोध घ्यावा. पुण्यात १८९३ मध्ये लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने सार्वजनिक गणेशोत्सवाला बळ मिळाले, आणि त्यानंतर चार दशकांच्या आत, १९३२ मध्ये, लंडनमध्ये महाराष्ट्र मंडळ उभे राहिले होते. उत्तर अमेरिकेतील मंडळांना एकत्र बांधणारे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून काम करीत आहे. मॉरिशसमध्ये तर मराठी माणसे एकोणिसाव्या शतकात गेली आणि आज तेथे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. तेव्हा मध्यम आकाराच्या शहरातही एखादे मंडळ, मंदिराची समिती किंवा दरवर्षी आपल्या घरी शंभर माणसे बोलावणारे एखादे कुटुंब असण्याची शक्यता बरीच असते. त्यांना भेटून सहकार्य मागितले तर निम्मे साहित्य आणि निम्मा अनुभव आयताच मिळतो. तेलुगू, कन्नड आणि तमिळ कुटुंबांतही हाच सण याच दिवशी असतो, म्हणून पहिल्या बैठकीचे निमंत्रण त्यांनाही द्यावे. पूजेच्या रीती वेगळ्या असल्या तरी आरतीला आणि पंगतीला त्याने काही अडत नाही.

तिथी आणि वार

गणेश चतुर्थी म्हणजे भाद्रपद शुद्ध चतुर्थी, आणि ही तिथी मध्याह्नी असावी असा संकेत आहे. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या काळाचे पाच समान भाग केले की तिसरा भाग म्हणजे मध्याह्न. परदेशात गोंधळ येथेच होतो. तिथी जगभर एकाच क्षणी सुरू होते आणि एकाच क्षणी संपते, पण मध्याह्न प्रत्येक गावाचा वेगळा असतो. २०२४ चे उदाहरण पाहा. त्या वर्षी भारतात गणेश चतुर्थी शनिवार, ७ सप्टेंबरला होती. न्यूयॉर्कच्या घड्याळाप्रमाणे मात्र ती तिथी ६ सप्टेंबरला पहाटे साडेपाचच्या सुमारास सुरू होऊन ७ तारखेला सकाळी आठच्या सुमारास संपली, म्हणजे तेथला मध्याह्न शुक्रवारी, ६ तारखेला सापडला. म्हणून भारतातील दिनदर्शिका भिंतीवर असली, तरी तारीख आपल्या शहरासाठी काढलेल्या पंचांगावरूनच ठरवावी आणि ती तारीख सर्वांना एकदाच, कारणासह कळवावी. एरवी ‘आमच्याकडे तर उद्या आहे’ हा वाद आदल्या रात्रीपर्यंत चालतो.

कामाच्या दिवशी दोनशे माणसे जमत नाहीत हे मान्य करावे. मला योग्य वाटणारी पद्धत अशी की प्राणप्रतिष्ठा तिथीलाच, एखाद्या सदस्याच्या घरी किंवा मंदिरात, पंधरा-वीस माणसांत करावी आणि सार्वजनिक उत्सव त्यानंतरच्या शनिवारी किंवा रविवारी, पण अनंत चतुर्दशीच्या आत ठेवावा. २०२६ मध्ये चतुर्थी सोमवारी, १४ सप्टेंबरला आहे आणि अनंत चतुर्दशी शुक्रवारी, २५ सप्टेंबरला. म्हणजे १९ आणि २० सप्टेंबर हे दोनच सोयीचे दिवस उरतात. सभागृह मिळाले नाही म्हणून उत्सव त्याच्याही पुढे ढकलला तर तो पितृपक्षात जातो, आणि मग ज्येष्ठ मंडळी येत नाहीत. सभागृह दहा महिने आधी धरण्याचे खरे कारण हे आहे.

सभागृह, परवानग्या आणि पैसा

सभागृह धरताना भाड्याआधी पाच गोष्टी विचाराव्यात: किती माणसांची अधिकृत परवानगी आहे, स्वयंपाकघर वापरता येते की केवळ अन्न गरम करता येते, निरांजन आणि कापूर लावता येतो का, वाद्ये किती वाजेपर्यंत चालतात, आणि मांडणी व आवराआवरीचा वेळ भाड्यात धरला आहे का. दुपारच्या कार्यक्रमासाठी सकाळी सातपासून संध्याकाळी सातपर्यंत जागा हाती असावी. चाकांच्या खुर्चीसाठी उतार आणि खाली बसता न येणाऱ्यांसाठी पुरेशा खुर्च्या पाहूनच जागा पक्की करावी, कारण आई-वडिलांच्या पिढीला दोन तास सतरंजीवर बसता येत नाही आणि तसे ते स्वतःहून सांगतही नाहीत.

ज्योतीबाबत सविस्तर लिहितो. बहुतेक सभागृहांत छताला धूरसूचक यंत्रे असतात आणि धूप, उदबत्ती व कापूर यांच्या धुराने ती वाजतात. ती वाजली की इमारत रिकामी करावी लागते, अग्निशमन दल येते आणि अनेक ठिकाणी त्याचा खर्चही मंडळाच्या माथी पडतो. यंत्रावर कापड किंवा पिशवी बांधण्याचा उद्योग कोणीही करू नये. तो धोकादायक आहे आणि बऱ्याच देशांत गुन्हाही आहे. व्यवस्थापकाला आधी लेखी कळवून, त्यांच्याच माणसाकडून तेवढ्या वेळापुरती काही सोय होते का ते विचारावे. होत नसेल तर मूर्तीपुढे एकच निरांजन, खाली वाळूचे पसरट ताट, शेजारी अग्निशामक आणि नेमून दिलेला एक माणूस, एवढ्यावर आरती करावी. बाकीचे दिवे विजेवरचे ठेवावेत आणि कापूरआरती दाराबाहेर, मोकळ्या जागेत करावी. मखराचे कापड आणि निरांजन यांत किमान हातभर अंतर असावे.

सार्वजनिक दायित्वाचा विमा बहुतेक सभागृहे मागतातच, आणि मागत नसतील तरी तो उतरवावा. पैशाच्या बाबतीत दोन नियम पहिल्या दिवसापासून पाळावेत: खाते मंडळाच्या नावाने असावे आणि प्रत्येक खर्चाला दोघांची संमती असावी. वर्गणी मागण्याआधी त्या देशातील कायदा पाहावा. अमेरिकेत देणगीदाराला करसवलत मिळण्यासाठी संस्थेला ५०१ (सी) (३) हा दर्जा लागतो, तर संयुक्त अरब अमिरातीत परवाना असलेल्या संस्थेखेरीज कोणी देणग्या गोळा करणे हाच गुन्हा आहे. तेथे भारतात करतो तशी पावतीपुस्तके छापून फिरणे फार महागात पडू शकते. जेवणाचा खर्च माणशी आकारावा, विद्यार्थ्यांसाठी तो निम्मा किंवा माफ असावा, आणि आरतीला येणाऱ्या कोणाकडेही काहीही मागू नये.

चार महिने आधी: मूर्ती

मूर्ती भारतातून मागवायची असेल तर पेणसारख्या ठिकाणाहून समुद्रमार्गे यायला कित्येक आठवडे लागतात, म्हणून वसंत ऋतूतच मागणी नोंदवावी लागते. भारतात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींवर बंदी सुचवली आहे. परदेशातही मूर्ती शाडूची किंवा कागदाच्या लगद्याचीच घ्यावी. बादलीत किंवा टबमध्ये विसर्जन करायचे असेल तर दुसरा पर्यायच नाही, कारण प्लास्टर दिवसेंदिवस पाण्यात पडून राहते. एक ते दीड फूट उंची दोनशे माणसांच्या सभागृहाला पुरते. मूर्ती उंच चौरंगावर ठेवली की शेवटच्या रांगेतूनही दिसते. न भाजलेली माती काही देशांत ‘माती’ या सदराखाली अडवली जाते. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड याबाबत फार कडक आहेत. मूर्ती सामानातून नेत असाल तर सीमाशुल्क अर्जावर ती न चुकता जाहीर करावी.

माझा आग्रह मात्र वेगळा आहे. मूर्ती आपण आणि आपल्या मुलांनी येथेच घडवावी. चित्रकलेच्या साहित्याच्या दुकानात मिळणारी कुंभारकामाची साधी माती यासाठी चांगली चालते. भट्टीत भाजायची नाही, एवढे पाळले की ती पाण्यात विरघळते. ‘हवेत वाळणारी’ म्हणून विकली जाणारी माती घेण्याआधी तिच्यात कृत्रिम चिकटद्रव्य किंवा तंतू नाहीत ना, ते पाहावे, आणि पॉलिमर माती मुळीच घेऊ नये. उत्सवाच्या दोन-तीन आठवडे आधीच्या रविवारी कार्यशाळा ठेवावी. एका मुलाला साधारण पाऊण किलो माती दिली तर वीतभर मूर्ती होते.

क्रम असा ठेवावा. प्रथम बोटभर जाडीचा पाट थापावा. त्यावर लिंबाएवढ्या दोन गोळ्यांच्या वळ्या करून मांडी घातलेले पाय बसवावेत. मग मोसंब्याएवढा गोळा पोटासाठी आणि त्यावर छाती. त्यानंतर चार हात, शेवटी डोके, सोंड आणि कान. प्रत्येक जोडाच्या दोन्ही बाजूंवर काडीने रेघा ओढून, मातीचा पातळ लेप लावून मगच तुकडे चिकटवावेत; नुसते दाबून बसवलेले हात आणि कान वाळताना गळून पडतात, आणि मुले रडतात. पोट दोन बोटांहून जाड झाले असेल तर मागून चमच्याने कोरून पोकळ करावे, म्हणजे तडे जात नाहीत. सोंड पोटावर टेकलेली असली की टिकते. मूर्ती सावलीत, वर सैल ओले फडके टाकून, हळूहळू चार-पाच दिवस वाळू द्यावी. रंगासाठी हळद, कुंकू, गेरू आणि मुलांचे पाण्यात विरघळणारे रंग पुरेत.

या कार्यशाळेला आई-वडिलांच्या पिढीतील दोन-तीन माणसे मुद्दाम बोलवावीत. कोकणात किंवा देशावर लहानपणी मूर्तिशाळेत तासन्‌तास उभे राहिलेले एखादे आजोबा प्रत्येक शहरात निघतातच. परदेशात आपला उपयोग काय, असे मनात घेऊन बसलेला माणूस त्या दिवशी वीस मुलांचा गुरुजी होतो, आणि मुले पुढच्या वर्षीही त्यांना ओळखतात. मराठी बोलायला लाजणारे मूल सोंड डावीकडे की उजवीकडे हे विचारायला मात्र मराठीतच तोंड उघडते. या मुलांच्या मूर्ती उत्सवाच्या दिवशी मुख्य मूर्तीच्या दोन्ही बाजूंना पायऱ्यांवर मांडाव्यात. वेगळी आरास लागत नाही.

धातूची कायमची मूर्ती असेल तर पूजेत तिच्यासमोर सुपारीवर गणपतीचे आवाहन करावे आणि विसर्जन त्या सुपारीचे करावे.

दोन महिने आधी: पूजेचे साहित्य

यादी करताना तीन भाग पाडावेत: मंडळाकडे कायम राहणारे, येथेच मिळणारे आणि भारतातून आणावे लागणारे. पहिल्या भागात समई, निरांजन, ताम्हन, पळी-पंचपात्री, तांब्या, शंख, घंटा, चौरंग, टाळ आणि झांजा येतात. तिसऱ्या भागात जानवी, अष्टगंध, शेंदूर, कापसाची वस्त्रमाळ, फुलवाती अशा हलक्या वस्तू ठेवाव्यात.

भारतातून येणाऱ्या नातेवाइकांना काय आणू नये, ते आवर्जून कळवावे. कापूर हा ज्वालाग्राही पदार्थ असल्याने विमानाच्या कोणत्याही सामानात चालत नाही. सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही चालत नाहीत, कारण त्यातील तेलामुळे ते आपोआप पेटू शकते असे विमानवाहतुकीचे नियम मानतात. खिरापतीतील खसखस संयुक्त अरब अमिरात आणि सिंगापूर येथे अमली पदार्थांच्या कायद्याखाली बंद आहे, आणि या बाबतीत ‘पूजेसाठी आणली होती’ हे उत्तर ऐकून घेतले जात नाही. तेथे खिरापत खोबरे, खारीक, खडीसाखर, बदाम आणि बेदाणे यांचीच करावी. पेढे, खवा, बर्फी असे दुधाचे पदार्थ युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये भारतातून आणता येत नाहीत. ताजी फुले, फळे आणि पत्री युरोपीय संघात वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाहीत. त्याला पाच फळांचा अपवाद आहे आणि सुदैवाने नारळ व केळी त्या पाचांत आहेत.

दूर्वांसाठी भारताकडे पाहण्याचे कारणच नाही. आपली हरळी म्हणजे जगभर क्रीडांगणांवर लावले जाणारे बर्म्युडा गवत, ज्याला ऑस्ट्रेलियात कूच म्हणतात. उष्ण भागात ती बागेच्या कडेला सापडते. थंड देशात दीड-दोन महिने आधी कुंडीत बी पेरून खिडकीशी ठेवावी. सार्वजनिक हिरवळीवरून दूर्वा खुडू नयेत, कारण तेथे तणनाशक मारलेले असते आणि त्याच दूर्वा आपण तीर्थाजवळ ठेवतो. तीन किंवा पाच पात्यांच्या एकवीस दूर्वांची जुडी करायची असते. हे काम विद्यार्थ्यांना आणि मुलांना आदल्या संध्याकाळी द्यावे. जास्वंदीचे झाड रोपवाटिकेत मिळते, आणि एखाद्या घरी ते वर्षभर वाढवले तर सणाला चार-पाच फुले हमखास येतात.

केवडा, शमी आणि एकवीस प्रकारची पत्री मिळणार नाही. त्याची खंत बाळगू नये. पूजेच्या पोथीतच ज्या उपचाराची वस्तू हाती नसेल तेथे ‘अक्षतान् समर्पयामि’ म्हणण्याची सोय आहे. वस्त्र नसेल तर अक्षता, अलंकार नसेल तर अक्षता. घर सोडून दूर गेलेल्या माणसाचा विचार आपल्या परंपरेने आधीच करून ठेवला आहे असे मला ते शब्द म्हणताना दरवेळी वाटते.

पूजा आणि आरती

गुरुजी मिळत असतील तर उत्तमच. न मिळाल्यास पूजा सांगणारी एक व्यक्ती आणि पूजेला बसणारे एक जोडपे किंवा व्यक्ती एवढे पुरते. क्रम थोडक्यात असा: दीपप्रज्वलन, आचमन, संकल्प, कलश, शंख व घंटा यांचे पूजन, प्राणप्रतिष्ठा, षोडशोपचार, नैवेद्य, आरती, मंत्रपुष्पांजली. प्रतिष्ठा तिथीला घरी झालेली असेल तर सभागृहात फक्त पंचोपचार पूजा करावी. ती अर्ध्या तासात होते. संकल्पात ‘भरतवर्षे’ म्हणायचे की आपण आहोत त्या भूमीचा उल्लेख करायचा, हा प्रश्न निघतो. अमेरिकेतील काही गुरुजी ‘क्रौंचद्वीपे’ असा उच्चार करतात. मला विचाराल तर देश, शहर आणि जवळच्या नदीचे नाव साध्या शब्दांत घ्यावे. मुलांना तेवढे तरी समजते आणि आपण जेथे राहतो तेथे देवाला बोलावतो आहोत हे त्यांना कळते.

पूजा चालू असताना एखाद्याने दर काही मिनिटांनी मराठीत आणि स्थानिक भाषेत, दोन-तीन वाक्यांत, काय चालले आहे ते सांगावे. शेजारी, सहकारी आणि जावई-सुना यांच्यासाठी हे आवश्यक असते.

आरतीचे कागद हा छोटा खर्च आहे, पण तो वाचवू नये. एका बाजूला मोठ्या अक्षरांत देवनागरी आणि दुसऱ्या बाजूला रोमन लिपी असावी. आरत्या चार किंवा पाचच घ्याव्यात आणि ‘घालीन लोटांगण’नंतर मंत्रपुष्पांजली म्हणून थांबावे, वीस मिनिटांपुढे लहान मुले कंटाळतात आणि समोरच्या रांगेतील ज्येष्ठांचे पाय दुखतात. आरती ध्वनिमुद्रणावर लावू नये. सूर चुकला, लय वाढली, कोणी कडवे विसरले तरी चालेल, पण टाळ मुलांच्या हातात असावेत आणि आवाज माणसांचा असावा. महिनाभर आधीपासून दर रविवारी अर्धा तास दूरदृश्य भेटीवर अथर्वशीर्षाचा सराव ठेवला, तर उत्सवात वीस-तीस जण एकत्र पठण करू शकतात, आणि नव्याने आलेला विद्यार्थी पहिल्याच दिवशी चार चेहरे ओळखतो.

जेवण

परदेशातील उत्सव बिघडतो तो बहुतेक वेळा स्वयंपाकघरात, म्हणून येथे घाई करू नये. पहिला निर्णय नैवेद्य आणि जेवण वेगळे ठेवण्याचा. उकडीचे मोदक देवासाठी एकवीस आणि शक्य असल्यास प्रत्येकाला एक, एवढेच योजावेत. एक किलो तांदळाच्या पिठीत मध्यम आकाराचे साठ-सत्तर मोदक होतात आणि एका मोठ्या नारळाचे सारण बारा ते पंधरा मोदकांना पुरते. म्हणजे दोनशे मोदकांसाठी साडेतीन किलो पिठी आणि पंधरा नारळ धरावेत. नारळ सोलण्या-खवण्याचा वेळ नसेल तर गोठवलेला ओला चव वापरावा, पण तो पूर्ण वितळवून, पाणी निथळून मगच गुळाबरोबर शिजवावा, नाहीतर सारण पातळ होऊन कळ्या फुटतात. सारण आदल्या दिवशी, उकड मात्र त्याच सकाळी. दहा जणींनी आणि दहा जणांनी एकत्र बसून वळले तर दोनशे मोदक अडीच-तीन तासांत होतात. ज्याला कळ्या जमत नाहीत त्याला साचा द्यावा. कोणालाही परत पाठवू नये.

जेवणाला पुऱ्या ठेवू नयेत. तळण करायला बहुतेक सभागृहांत परवानगी नसते आणि गार पुरीत मजा नसते. मसालेभात, बटाट्याची भाजी, मटकीची उसळ, काकडीची कोशिंबीर, मठ्ठा आणि श्रीखंड किंवा प्रसादाचा शिरा, एवढे पान पोटभर होते आणि सांभाळायलाही सोपे जाते. दोनशे माणसांच्या मसालेभाताला चौदा ते पंधरा किलो कोरडा तांदूळ लागतो. शिजलेला भात सामान्य तापमानात तासन्‌तास ठेवणे घातक असते, कारण त्यातील काही जिवाणूंचे विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. गरम अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर आणि थंड अन्न ५ अंशांच्या खाली ठेवावे, दोन थर्मामीटर विकत घ्यावेत आणि दर तासाला तपासण्याचे काम एकाच व्यक्तीकडे असावे. घरोघरी शिजवून आणलेले अन्न सार्वजनिक ठिकाणी वाढण्यावर काही शहरांत निर्बंध असतात. तेथे परवानाधारक आचाऱ्याकडून जेवण घ्यावे.

प्रत्येक पातेल्यापुढे पदार्थाचे नाव आणि त्यातील घटक लिहावेत. आपल्या स्वयंपाकात शेंगदाण्याचे कूट इतके सवयीचे आहे की कोशिंबिरीत ते आहे हे सांगायचे आपल्याला सुचतही नाही, आणि शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी असलेल्या मुलासाठी तेवढे चमचाभर कूट जिवावर बेतू शकते. सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे त्या दिवसापुरते कूट पूर्ण वगळणे. काजू, तीळ, दूध आणि गहू यांचीही नोंद असावी. नावनोंदणी आठ दिवस आधी बंद करावी, पण अन्न दहा टक्के जास्त करावे. आयत्या वेळी येणारा माणूस हा बहुधा तोच एकटा विद्यार्थी असतो.

शक्य असेल तर पंगत मांडावी. सगळ्यांची नाही तरी ज्येष्ठ आणि मुले यांची पहिली पंगत, आणि वाढायला तरुण मुले-मुली. हातात भांडे घेऊन रांगेतून फिरलेला मुलगा अर्ध्या तासात पन्नास जणांशी बोललेला असतो.

कार्यक्रम आणि ढोल

मंचावरील कार्यक्रम दीड तासापेक्षा लांबवू नयेत. भाषणे दोन, प्रत्येकी तीन मिनिटे. लहान मुलांचे कार्यक्रम आधी ठेवावेत आणि त्यांची छायाचित्रे प्रसिद्ध करण्याआधी पालकांची लेखी संमती घ्यावी.

ढोल-ताशा पथक असेल तर सराव आणि मिरवणूक या दोन्हींसाठी परवानगी वेगवेगळी घ्यावी लागते, आणि शेजारच्या घरांत आठवडाभर आधी वेळेसह पत्र टाकावे. बंद सभागृहात ढोल वाजवू नयेत. आठ-दहा ढोलांचा आवाज सहज १०० डेसिबलच्या पुढे जातो. वादकांना आणि जवळच्या मुलांना कानांत घालायचे बोळे द्यावेत.

विसर्जन

नदी, तलाव किंवा समुद्र आपला नाही, हे धरून चालावे. लेखी परवानगी असेल तरच तेथे जावे. एरवी सभागृहाच्या आवारात फुगवता येणारा मुलांचा हौद मांडून, त्यात गुडघाभर पाणी भरून विसर्जन करावे. आधी उत्तरपूजा, दही-पोह्यांचा किंवा खिरापतीचा नैवेद्य आणि आरती करून, मूर्तीवर अक्षता वाहून ती जागेवरून किंचित हलवावी. हार, कापसाचे वस्त्र, दोरा आणि दागिने काढून घ्यावेत. मुलांनी आपापली मूर्ती स्वतःच्या हातांनी पाण्यात सोडावी. त्या वेळी काही मुले मूर्ती द्यायला तयार होत नाहीत. त्यांच्यावर सक्ती करू नये, ती मूर्ती घरी नेऊन त्यांना हवे तेव्हा बादलीत सोडता येते.

न भाजलेली छोटी मूर्ती काही तासांत, मोठी रात्रभरात विरघळते. हौदाभोवती पाणी असेपर्यंत एक मोठा माणूस पहाऱ्याला ठेवावा, कारण लहान मुलासाठी गुडघाभर पाणीही धोक्याचे असते. वरचे पाणी झाडांना घालावे आणि तळाची माती फडक्यात गाळून, वाळवून डब्यात ठेवावी. पुढच्या वर्षीच्या मूर्तीत ती मूठ-मूठ मिसळता येते. निर्माल्याचे खत करावे. मूर्ती प्लास्टरची निघालीच, तर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात ती विरघळवण्याची पद्धत विकसित केलेली आहे. ते काम उघड्यावरच करावे, कारण त्यातून अमोनियाचा उग्र वास येतो.

नंतरचा आठवडा

मांडणीपेक्षा आवरायला जास्त माणसे लागतात, म्हणून आवराआवरीची यादी आधीच नावांनिशी लावावी. समया, टाळ, चौरंग आणि मखराचे भाग क्रमांक घातलेल्या खोक्यांत भरून, कोणत्या खोक्यात काय आहे आणि ते कोणाच्या घरी आहे याचा कागद चार जणांकडे ठेवावा. जमाखर्च पंधरा दिवसांच्या आत सर्व नोंदणीकृत कुटुंबांना पाठवावा, शिल्लक किंवा तूट जी असेल तीसह. त्याच आठवड्यात नव्याने भेटलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला आणि पाहुण्या आई-वडिलांना एक फोन करावा. दिवाळीचा फराळ कोणाकडे आहे ते त्याच फोनवर सांगता येते. आणि सभागृहाची किल्ली परत करायला जाल तेव्हा पुढच्या वर्षीच्या चतुर्थीची, आपल्या शहराच्या पंचांगावरून काढलेली तारीख सोबत न्यावी, म्हणजे त्या आठवड्यातील शनिवार तेथल्या तेथे नोंदवता येईल.